निधनाची वही

"आंगठो खय लावू, बाये?"

मी वही फिरवून तिच्यापुढे धरली आणि मजकुराखालची मोकळी जागा बोटाने दाखवली. "हय, वैनी."

जयवंती पालवने शाईच्या पॅडवर अंगठा टेकला, वहीत उठवला आणि उरलेली शाई लुगड्याच्या काठाला पुसली. तिचा नवरा जाऊन चौथा दिवस होता. सोबत अठरा वर्षांचा मुलगा आला होता, गिरीश. वाडीत त्याला गिरू म्हणत. तो दारातच उभा राहिला. बापाचा फोटो त्याने शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि माझ्याकडे देताना दोनदा बाहीला पुसला.

आमचं साप्ताहिक 'घाटपायथा' दर शुक्रवारी निघायचं. आंबेखोल आणि आजूबाजूची सतरा गावं ते वाचायची. खरं सांगायचं तर गावं अग्रलेख वाचत नसत, निधन वाचत. कोण गेलं, कुठल्या वाडीतलं, मागे कोण कोण. पहिल्या पानावर मंत्री असला तरी लोक पेपर उलटा धरून शेवटच्या पानापासून सुरुवात करायचे. ते शेवटचं पान माझं. मी शालन मेस्त्री, तेव्हा चोवीस वर्षांची. बाप लवकर गेला, आईला दिसत नव्हतं. संपादक दादा कुडतरकरांनी मला सतराव्या वर्षी प्रेसमध्ये घेतलं, छपाईचे खिळे जुळवायला शिकवलं, शुद्ध लिहायला शिकवलं, आणि एक दिवस निधनाची वही माझ्या हातात दिली.

वहीची भानगड अशी. एकदा एका म्हाताऱ्याच्या निधनात धाकट्या भावजयीचं नाव राहिलं. दुसऱ्या दिवशी तिचे दोन भाऊ सोटा घेऊन प्रेसमध्ये. तेव्हापासून दादांनी रीतच घालून दिली. घरचं माणूस येईल, सांगेल, आपण वहीत लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं, आणि खाली सही नाही तर अंगठा घ्यायचा. मगच छापायला. दादांना त्या वहीचा मोठा अभिमान. म्हणायचे, "मुंबईच्या पेपरांकडेसुद्धा असली वही नसेल." नसेलच. त्यांना कोण सोटा दाखवणार!

पण जयवंती वैनीने अंगठा लावला त्याच्या आधी पाच मिनिटं जे झालं, ते सांगायला हवं.

"कशान गेले?" मी विचारलं होतं.

"तीन वर्सां खोकत होते गो. धुळीन खाल्ल्यान त्येंका. त्या पांढऱ्या गिरणीच्या."

पांढरी गिरण म्हणजे गावाबाहेरची दगड दळायची गिरणी. गारगोटीचा दगड दळून त्याची पिठी करायची आणि काचेच्या कारखान्यांना पाठवायची. आतून बाहेर येणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. पोरं हसायची त्यांना. सरकारी डॉक्टर सगळ्यांच्या कागदावर क्षय लिहायचे, आणि क्षय म्हटला की त्या घरचं पाणी कुणी पीत नसे.

मी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं, मी शहाणपणा करते आहे. "वैनी, खोकलो लिवलो तर लोक टीबी म्हणतले. पमीचा लगीन व्हायचा आसा मां?"

तिने पदराने तोंड दाबलं. मोठ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

"मगे काय लिवतंस?"

"अल्पशा आजाराने. सगळ्यांचा तसाच लिवतंव."

"तुका कळता तसा लिव," ती म्हणाली. "माका खय वाचूक येता!"

मी लिहिलं. 'बाजारवाडी येथील श्री. भिवा तुकाराम पालव (वय ४६) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते मनमिळाऊ स्वभावाचे होते.' भिवा पालव कसला मनमिळाऊ! सबंध बाजारवाडीशी त्याचं भांडण होतं. पण गेलेला माणूस आमच्या पेपरात मनमिळाऊच असे. आणि गिरणीतला गेलेला प्रत्येक माणूस अल्पशा आजाराने गेलेला असे. सहा वर्षांत असे अकरा जण मी त्या वहीत लिहिले. अकराही वेळा हेच शहाणपण मी त्या बायकांना शिकवलं, आणि निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

महिन्याभराने गिरू बापाच्या जागी गिरणीत लागला.

दादांना हे कळलं तेव्हा ते हातातला चहा तसाच ठेवून उठले. आठ दिवस ते वाडीवाडीत हिंडले, खोकणाऱ्या माणसांच्या खाटांवर बसले. मग पहिल्या पानावर बातमी आली. पांढऱ्या गिरणीत धूळ बसवायला पाण्याचे फवारे नाहीत, तोंडाला बांधायला काही नाही, धुळीने माणसं मरताहेत. आंबेखोलात असं कुणी कधी छापलं नव्हतं. त्या शुक्रवारी लोकांनी पेपर पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचला.

गिरणीच्या मालकाने बदनामीचा खटला भरला. खात्री न करता खोटंनाटं छापलं, असं त्याचं म्हणणं. दादांनी कोर्टात लेखी उत्तर दिलं: 'या साप्ताहिकात शब्द न शब्द खात्री करून छापला जातो.' ते वाक्य त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं होतं. खूश होते.

आणि त्याच सुमाराला अकरा बायका एकत्र आल्या. सामंत वकीलबाईंनी त्यांचा दावा कामगार कोर्टात लावला. सामंतबाई प्रेसमध्ये येऊन आम्हाला समजावून गेल्या, "नवरे परत येणार नाहीत, ते जाऊ दे. पण ही माणसं धुळीने मेली, एवढं एकदा कोर्टाने मान्य केलं ना, की गिरणीला फवारे बसवावे लागतील. आत आहेत त्या पोरांना तपासावं लागेल. मी त्या पोरांसाठी लढतेय."

जयवंती वैनी तेव्हा बाकावर बसली होती. तिने एवढंच म्हटलं, "माझ्या गिरूक भायर काढा. बाकी माका कायएक नको."

गिरणीच्या वकिलांनी उत्तर दाखल केलं. त्याला 'घाटपायथा'ची अकरा कात्रणं जोडलेली होती, आणि मागणी होती की निधनाची वही कोर्टात आणावी. वहीसोबत ती लिहिणाऱ्या बाईलाही.

तारखेच्या सकाळी दादा आणि मी एसटीने निघालो. वही माझ्या मांडीवर, फडक्यात बांधलेली. तिच्यात मी काय केलं, ते दादांना आदल्या रात्री सांगितलं होतं. घाटाच्या वळणावर दादा म्हणाले, "शालन, जे झालं ते सांग. तू तुझ्या मनाने लिहिलंस, बायकांनी धूळच सांगितली होती. एवढंच."

"दादा, मग त्या दुसऱ्या खटल्याचं काय? आपण खात्री न करता छापतो, असं माझ्याच तोंडून निघालं तर—"

"पेपरचं मी बघतो."

"काय बघणार तुम्ही? प्रेस जाईल."

"जाईल," दादा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. "तू जे झालं ते सांग."

मी हो म्हटलं. खोटं नाही म्हटलं, मनापासून हो म्हटलं.

कोर्टात अकराही बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. जयवंती वैनीशेजारी गिरू होता, दुपारच्या पाळीला परत जायचं म्हणून कामाच्याच कपड्यांत आलेला. गिरणीचे वकील वयस्क, मऊ आवाजाचे. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी वही उघडली, चार पानं उलटली आणि हसले.

"मुली, हे अक्षर तुझं?"

"हो."

"वा! पंचवीस वर्षांत इतकी सुबक वही मी कोर्टात पाहिली नाही."

आणि मी, मूर्ख, सुखावले. अजून तो क्षण आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"खाली हे अंगठे कशासाठी?"

"वाचून दाखवतो आणि मान्य असलं तर घेतो."

"म्हणजे खात्री करता."

"हो."

"ही खात्री फक्त निधनाची, की पेपरातल्या सगळ्याच मजकुराची?" त्यांनी दुसरा कागद हातात घेतला. खालची दादांची सही मला लांबून ओळखू आली. "तुझे संपादक दुसऱ्या कोर्टात म्हणालेत, शब्द न शब्द खात्री करून छापला जातो. हे खरं की नाही?"

मी दादांकडे बघितलं. ते पुढच्या बाकावर बसले होते, धोतराचा सोगा मुठीत धरून. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. सांग, खरं ते सांग, असं. ती मान मी स्पष्ट पाहिली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे लोक म्हणाले, पोरगी कोर्टाला घाबरली. मी घाबरले नव्हते. मला डोळ्यांपुढे आमचं मशीन दिसलं, खिळ्यांचे खण दिसले, त्या बातमीसाठी वाडीवाडीत हिंडून सुजलेले दादांचे पाय दिसले. वाटलं, हा माणूस स्वतःला वाचवणार नाही, तर मी वाचवते.

"खरं आहे," मी म्हटलं.

"नेहमी?"

"नेहमी."

"मग भिवा तुकाराम पालव यांचं निधन अल्पशा आजाराने झालं, हेही खात्री करूनच लिहिलं असणार."

मागे कुणीतरी खोकलं. वळून न बघता मला कळलं, गिरू.

"हो," मी म्हटलं.

सामंतबाई उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी मला वाट करून दिली. देवाने दिलेली संधीच ती. "शालन, नीट आठव. त्या दिवशी जयवंतीबाईंनी तुला काय सांगितलं होतं? नवरा कशाने गेला म्हणाली ती?"

एक खोटं बोललं की त्याला सोबत लागते. मी म्हटलं, "आठवत नाही."

बाहेर बदामाच्या झाडाखाली आम्ही उभे होतो. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. जयवंती वैनी माझ्यासमोर आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू असा कित्याक सांगलंस गो?"

पेपरासाठी, म्हणावं तर तिला वाचता येत नव्हतं. पेपर म्हणजे तिला काय? नवऱ्याचा फोटो आलेला एक कागद.

"आये, चल," गिरू म्हणाला. "पाळी चुकतली." आईचा दंड धरून तो तिला एसटी स्टँडकडे घेऊन गेला. रस्ता ओलांडताना थांबून पुन्हा खोकला.

दादा स्टँडकडे बघत होते. मग म्हणाले, "पेपर वाचवलास, शालन."

मी मान खाली घातली.

"आता त्यात छापायचं काय, ते सांग."

त्या आठवड्यात दादांनी कित्येक वर्षांनंतर स्वतः खिळे हातात घेतले. त्यांची नजर अधू झाली होती. एकेक अक्षर डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, चुकत होते, परत काढत होते. मी दोनदा जवळ गेले. "द्या दादा, मी जुळवते."

"नको," ते म्हणाले. "हे माझं मला करू दे." आवाजात राग नव्हता.

शुक्रवारी पेपर निघाला. पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच मजकूर होता, आणि मथळा 'दुरुस्ती'. अकरा नावं, प्रत्येकाचं वय, वाडी, गिरणीत किती वर्षं, किती वर्षं खोकला. आणि शेवटी: 'वरील सर्व व्यक्तींचे निधन अल्पशा आजाराने झाल्याचे या साप्ताहिकाने छापले, ते खोटे होते. घरच्या माणसांनी खरे कारण सांगितले असताना, निधनाची वही लिहिणाऱ्या कर्मचारी मुलीस ते बदलण्यास संपादकानेच सांगितले होते. दोष संपूर्णपणे संपादकाचा आहे.'

दादांनी मला असं कधीच सांगितलं नव्हतं. मी काय लिहिते ते ते बघतही नसत. सबंध आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून छापलेलं ते एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी. मी तो अंक छातीशी धरून मशीनच्या मागे बसले आणि पोटभर रडले.

सामंतबाई तो अंक घेऊन कोर्टात धावल्या. कोर्ट म्हणालं, छापलेलं एक आणि शपथेवरचं एक, आम्ही शपथेवरचं धरतो. बायकांचा दावा गेला. गिरणीच्या वकिलांनी मात्र तोच अंक बदनामीच्या खटल्यात लावला. संपादक स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे की आम्ही खोटं छापतो, आणखी पुरावा कशाला हवा? माफी छापा आणि सुटा, असं दादांना सांगण्यात आलं. दादा म्हणाले, "माफी छापलीय की. अकरा जणांची. तुमची उरलेली नाही." दादा तो खटला हरले आणि प्रेसला कुलूप लागलं. म्हणजे मी जो वाचवायला गेले तो पेपरही गेला, आणि ज्यांच्या जिवावर वाचवायला गेले त्यांचा दावाही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं.

दादा मिरजेला लेकीकडे गेले. दोन वर्षं अंथरुणावर होते. मी भेटायला गेले की वहीची चौकशी करायचे. "जपून ठेव हो, कोर्टातून परत मिळालीय ती." गेले तेव्हा तिथल्या पेपरात चार ओळी आल्या. कशाने गेले म्हणून लिहिलं होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मी तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहायला लागले. आंबेखोलला पेपर उरला नाही. जिल्ह्याचे मोठे पेपर येत, त्यांत आमच्या वाड्यांचं कुणी नसे. गिरणी वाढली, दुसरी चक्की आली, आणखी पोरं लागली. माणसं जात होती. आता ती अल्पशा आजारानेसुद्धा जात नव्हती. नुसती जात होती. निदान खोटं छापायला तरी आमचा पेपर होता.

सात वर्षांनी एका सकाळी मी टेबल लावत होते. समोर जयवंती वैनी येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी बोलली नव्हती. बाजारात दिसली तर मीच रस्ता बदलायचे. तिच्या हातात फोटो होता. तिने तो टेबलावर ठेवला.

"माझो गिरू गेलो."

मी टेबलावरचे कागद बाजूला केले.

"लिव," ती म्हणाली.

"वैनी, पेपर—"

"तू लिव."

मी घरी धावत गेले, ट्रंकेतून वही काढली, धावत परत आले. ती तशीच उभी होती. बस म्हटलं तर बसली नाही. वहीची शेवटची बरीच पानं कोरी होती. मी लेखणी उघडली. अक्षर वेडंवाकडं येत होतं. वकिलाने वाखाणलेलं ते सुबक अक्षर पुन्हा कधी आलंच नाही. लिहून झाल्यावर रीतीप्रमाणे वाचून दाखवलं.

"बाजारवाडी येथील गिरीश भिवा पालव, वय सव्वीस. पांढऱ्या गिरणीच्या धुळीने सात वर्षं खोकून गेला. त्याचे वडीलही याच धुळीने गेले. त्याच्या मागे आई आणि बहीण आहेत."

"मनमिळाऊ लिवलंस?"

"नाय."

"लिव. तो होतो."

मी लिहिलं. तिने पॅडवर अंगठा टेकला, मजकुराखाली उठवला. आता कुठे लावायचा ते विचारलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शुक्रवारी येतला मां?"

पेपर बंद होऊन सात वर्षं झाली होती. माझ्या ओठांवर 'येतला, वैनी' आलंच होतं. आई आहे, आत्ताच पोरगा गेलाय, एवढ्याने तिचं समाधान होईल, काय जातंय आपलं. तीच जुनी दया.

"नाय, वैनी," मी म्हटलं. "खयच येवचा नाय. पेपर आता नाय."

मग तिने गिरूचा फोटो उचलला आणि पदराने पुसून कमरेच्या बटव्यात ठेवला.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तू काय सांगतंस, तां बघी होतंय."

आणि ती उन्हातून बाजारवाडीच्या रस्त्याने चालत गेली. मी वही उघडी ठेवून बसून राहिले. अंगठ्याची शाई वाळेपर्यंत मला ती मिटवता आली नाही.